राग नसल्याचा दाखला

मला राग येत नाही. चुकीच्या गोष्टीला मी चूक म्हणतो, आणि समोरच्याच्या कानापर्यंत ते नीट पोचावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणतो. कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. अशा माणसाला कुणी मानसोपचाराला धाडतं का? आमच्या कंपनीनं धाडलं.

२००४ सालचा मार्च महिना. मी शिरूरला राहायचो आणि रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. दुसऱ्या पाळीची बस दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हायवेच्या कोपऱ्यावरून सुटायची. म्हणजे सुटायला हवी होती. ड्रायव्हर भैरू ती दोन-आठलाच काढायचा. दोन मिनिटांनी काय एवढं बिघडतं, असं म्हणणारे लोक असतात. त्यांनी कधी हातात डबा घेऊन, ओळखीच्या दुकानदारांच्या देखत, बसच्या मागं पळून बघावं. मी महिन्याभरात चार वेळा पळालो. तीन वेळा गेटवरच्या तक्रारवहीत लेखी तक्रार केली. चौथ्यांदा लिहायला गेलो तर वहीच जागेवर नव्हती. वॉचमन म्हणाला, "ती संपली. नवीन मागवलीय." वहीत माझ्या तीन तक्रारी सोडल्या तर कुणाचं अक्षर नव्हतं. तीन तक्रारींत दोनशे पानी वही संपते?

त्या दिवशी मी दोन-सातला कोपऱ्यावर होतो आणि बस हलली होती. भैरूनं आरशात मला बघितलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. बसमधली माणसं नंतर म्हणाली, तो 'या, या' असं करत होता. मी बाहेरून बघितलंय. तो टाटा करत होता.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या वळणावर अडकल्या होत्या म्हणून बस थांबली. मी तिला ओलांडून पुढं गेलो आणि रस्त्यावर मांडी घालून बसलो.

माझी मागणी अगदी साधी होती. भैरूनं खाली उतरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, किती वाजले ते सांगावं. भैरूकडं घड्याळच नव्हतं. "म्या आपला अंदाजानं काढतो साहेब," तो म्हणाला. हे ऐकल्यावर मी उठणार होतो तोही उठलो नाही. बसमधली बेचाळीस माणसं आधी हसली, मग ओरडली, मग विनवू लागली. उत्तर प्रदेशातून आलेला एक वेल्डर हात जोडून म्हणाला, "साहब, उठ जाइए, आज टारगेट है." मी त्याला मराठीत नियम समजावून सांगितला. पस्तीस मिनिटं गेली. कंपनीत लाइन बंद पडली.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या केबिनमध्ये. तिथले साहेब सत्यजीत, वय सव्वीस, मी लागलो तेव्हा हे प्राथमिक शाळेत असतील. ते म्हणाले, "शेंडगे, तुमचं रेकॉर्ड चांगलंय म्हणून सस्पेन्शन देत नाही. काउन्सेलिंग घ्या, फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, मग ड्युटीवर या."

"आणि भैरू?"

"भैरू कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे. तो आमच्याकडं येत नाही."

म्हणजे दोन मिनिटं लवकर जाणारा माणूस शहाणा, आणि वेळेवर येणाऱ्याचं डोकं तपासायचं. हे मी साहेबांना सांगितलं. केबिनची काच जाड होती, तरी बाहेरच्या टायपिस्टबाईंचे हात थांबले, असं ऐकलं.

घरी येऊन बायकोला, म्हणजे पूनमला, सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती सत्यजीतला चार शब्द तरी बोलेल. ती उठली, फळीवरचा रव्याचा डबा काढला, झाकणाखालून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. दौंडचा पत्ता होता. राजनंदिनी घाडगे, मानसशास्त्रीय समुपदेशन, दाताच्या दवाखान्याच्या वर.

"ही कुठून आली?"

"बचत गटाच्या मेळाव्यात या बाई बोलायला आल्या होत्या. चांगलं बोलल्या."

"कधी?"

"दिवाळीत."

दिवाळीपासून मार्चपर्यंत माझ्या वेडाचा पत्ता माझ्याच घरात, रव्यात! पाच महिने मी त्याच रव्याचा शिरा खाल्ला. मी काही बोलणार तेवढ्यात आमची मोनिका, आठवीतली, दप्तर उचलून आतल्या खोलीत गेली. पूनमनं डबा जागेवर ठेवला आणि आवाज न करता झाकण लावलं.

एक बरं होतं. दौंड शिरूरपासून लांब. शिरूरमध्ये असल्या ठिकाणी माणूस जिना चढला की उतरायच्या आत पाव्हण्यांना कळतं. तरी शेजारचे हौसराव आप्पा संध्याकाळी आलेच. बसची बातमी त्यांना बसच्याही आधी पोचली असावी. आप्पा एकेकाळी सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीत वजन असलेलं माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी तुळजाबाई काकू गेल्या, तेव्हापासून ते एकटेच राहत आणि सल्ले द्यायला आमच्याकडं येत.

"डोक्याच्या डाक्टरकडं जाऊ नगं बाळासो," ते खुर्चीत बसताबसताच म्हणाले. "एकदा का नाव पडलं की पडलं. पोरीचं लगीन व्हायचंय."

"आप्पा, ती तेरा वर्षांची आहे."

"दहा वर्सं माणसं इसरत न्हाईत. त्यापरीस सकाळी टाळूला कांद्याचा रस चोळ. आन् च्या सोड. च्यानं पित्त होतं, पित्तानं राग."

"मला राग येत नाही, आप्पा!"

"बघ," आप्पा पूनमकडं वळून म्हणाले. "पित्तच हाय."

मी आठ दिवस कांद्याचा रस चोळला. का चोळला, विचारू नका. त्या आठ दिवसांत घरातलं कुणी माझ्या दोन हातांच्या आत आलं नाही, एवढाच गुण आला.

मग एका गुरुवारी कुणाला न सांगता एसटीनं निघालो. चौफुल्याला गाडी बदलावी लागते. तिथं स्टँडवर पाय ठेवतो न ठेवतो तोच खुटबावचा माझा चुलतभाऊ संपत समोर. "दादा, इकडं कुठं?" माझ्या तोंडून निघालं, "दौंडला. रेल्वेचं रिझर्वेशन." संपत एवढंच म्हणाला, "लांबचं दिसतंय." मी म्हणालो, "हो, जरा लांबचंच." ह्या एका वाक्यानं काय केलं ते ऐका. मी दौंडला पोचायच्या आत खुटबावला माझी आई गिताबाई हिला कळलं, की तिचा मुलगा बायकोमुलीला घेऊन काशीला निघालाय. संध्याकाळी तिनं गावातल्या फोनवरून शेजारी फोन केला आणि पूनमला विचारलं, "मला टाकून देव बघाया चाललाव व्हय?" नंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. काशीला आम्ही आजवर गेलेलो नाही.

तर दौंड. खाली दाताचा दवाखाना, वर बाईंची खोली. मानसोपचार म्हणजे काय असतं याची माझी काही कल्पना होती. लांब कोच असेल, दाढीवाला म्हातारा असेल, तो आपल्याला आडवं करून लहानपणीचं विचारील. इथं वेताच्या दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, कागदी रुमालांचा एक डबा आणि भिंतीवर घड्याळ. बाई तिशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज अखंड येत होता.

आधी एक फॉर्म भरायचा. नाव, पत्ता, झोप कशी, भूक कशी, पूर्वीचे आजार. शेवटी 'येण्याचं कारण'. तिथं मी लिहिलं, 'भैरू'.

बाईंनी फॉर्म वाचला, हसल्या नाहीत. मग स्वच्छ शब्दांत सांगितलं. इथं बोललेलं बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच त्यांना ते कुणाला तरी सांगावं लागतं. भेट पन्नास मिनिटांची. गोळ्या त्या देत नाहीत, लागतील असं वाटलं तर त्यासाठीचा डॉक्टर वेगळा. पहिल्या दोन-तीन भेटी एकमेकांना समजून घेण्यात जातात. लगेच बरं वाटेलच असं नाही, कधी आधी जरा जास्तच वाईट वाटतं. आणि नाही पटलं तर तसं सांगायचं, त्या दुसरं कुणी सुचवतील.

शेवटचं वाक्य मला आवडलं. गिऱ्हाइकाला असं कुणी सांगत नाही.

"आता तुम्ही सांगा, शेंडगे सर."

"काय सांगू?"

"जे सांगावंसं वाटेल ते."

"मला काही सांगावंसं वाटत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मला वाटलं, पुढचा प्रश्न येईल. आला नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळानं चार मिनिटं गेली. खाली कुणाचा तरी दात गेला.

"तुमचं घड्याळ तीन मिनिटं पुढं आहे," मी म्हणालो.

"हो का? ते बघून काय वाटलं?"

"काय वाटणार? चूक आहे ते!"

आणि मग मी चाळीस मिनिटं बोललो. भैरू, वही, वॉचमन, सत्यजीत. बाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "बससमोर बसलात तेव्हा काय जाणवत होतं?"

"चटका. डांबर तापलेलं होतं."

"आणि आत?"

"आत बेचाळीस माणसं होती."

आता मात्र बाई हसल्या. मला ते आवडलं नाही. मी विनोद केलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हणालो, "त्याचा भैरूशी काय संबंध?" बाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इथं आज थांबू या."

म्हणजे दोन एसट्या करून, चुलतभावाला थाप मारून मी आलो, आणि ऐन रंगात आल्यावर थांबू या! वर ते घड्याळ तीन मिनिटं पुढं. माझी तीन मिनिटं इथंही गेली. मी दाखला मागितला. बाई म्हणाल्या, "फिट-अनफिटचा दाखला मी देत नाही. तुम्ही आलात एवढं पत्र देईन. तेसुद्धा तुमची हरकत नसेल तर."

"एवढंच? मग उपयोग काय तुमचा?"

"ते आपण पुढच्या वेळी बोलू या का?"

जिना मी जरा जोरात उतरलो. खालच्या दवाखान्यातला एक पेशंट आ वासून माझ्याकडं बघत होता. अर्थात तो आधीपासूनच तसा असेल.

सत्यजीत साहेबांनी ते पत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. "यावर डॉक्टरचा शिक्का नाही. मेडिकल फिटनेस लागतो. एखाद्या सरकारी दवाखान्यातून आणा." गेलो. खिडकीतल्या माणसाला सांगितलं, दाखला पाहिजे.

"कशाचा?"

"माझं डोकं ठीक असल्याचा."

"ठीक नाही असं कोण म्हणतं?"

"कुणीच म्हणत नाही."

"मग दाखला कशाला पाहिजे?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझ्या मागं रांग वाढली. तो शांतपणे म्हणाला, "डोकं बिघडल्याचा दाखला मिळतो. त्याला पुण्याला बोर्डापुढं उभं राहावं लागतं. बिघडलं नसल्याचा फॉर्म आपल्याकडं येत नाही."

"मग ज्याचं बिघडलेलं नाही त्यानं काय करायचं?"

"घरी जायचं," तो म्हणाला आणि मागच्याचा कागद घेतला.

मी तिथं जे बोललो ते रांगेतल्या लोकांना पटलं होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवरून सांगू शकतो. तरी शिपायानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. एका पदवीधर माणसाला, दंडाला धरून.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा दौंडला गेलो. उपचारासाठी गेलो नव्हतो, बाईंशी भांडायला गेलो होतो. जिना चढून वर गेलो तर बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून एक म्हातारा बसलेला. हौसराव आप्पा.

मला बघून त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"दात दाखवाया आलतो," आप्पा म्हणाले.

"दवाखाना खाली आहे, आप्पा."

"गर्दी हाय खाली."

आप्पांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. कवळी आहे, आणि ती बसवायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. तेवढ्यात दार उघडून बाई म्हणाल्या, "या आप्पा." नावानं! म्हणजे हे गृहस्थ इथले जुने. मला पोरीच्या लग्नाची भीती घालून, कांदा चोळायला लावून स्वतः दर गुरुवारी इथं! मी बाहेर बाकावर बसून पन्नास मिनिटं चरफडत होतो. दाराआडून आप्पांचा आवाज येत नव्हता. साऱ्या तालुक्याला सभेत ऐकू जाणारा आवाज.

त्या दिवशी मी बाईंशी भांडलो खरा, पण जोर नव्हता. सगळा जोर आप्पांसाठी राखून ठेवला होता. ते माझी वाट बघत खाली थांबले होते. एसटीत शेजारी बसल्यावर मी तोंड उघडणार, तोच ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुळजा व्हती तवा रोज भांडायचो. भाजीत मीठ कमी, पान्याचा हंडा आडवा, कायबी. च्याळीस वर्सं. आता सकाळपासनं रातच्यापत्तुर घरात आवाजच न्हाई. म्हून तुमच्याकडं येतो आन् काय तरी सांगत बसतो. तू वराडलास की मला बरं वाटतं."

जमवून आणलेला सगळा राग हातात तसाच राहिला, आणि असा राग परत कुठं ठेवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं.

"कुणाला सांगू नगंस," आप्पा म्हणाले. मी शब्द दिला. आज सांगतोय, कारण पुढं त्यांनीच ते साऱ्या गल्लीला सांगितलं, आणि वर मलाच म्हणाले, "तूबी जात जा बाळासो, गुण येतो."

स्टँडवर उतरून आप्पा भाजी घ्यायला थांबले. मी पायीच घरी आलो. एरवी कंपनीच्या बसमधून उतरलो की कोपऱ्यावर लावलेल्या मोटारसायकलवर घरी येतो; त्या दिवशी ती दुरुस्तीला टाकली होती. दिवेलागण व्हायची होती. दाराशी चपला काढताना आतून हसणं ऐकू आलं. पूनम हसत होती. ती इतकी मोठ्यानं हसते हे मला ठाऊक नव्हतं, किंवा मी विसरलो होतो. मी खिडकीतून बघितलं. मोनिका फरशीच्या मधोमध मांडी घालून बसली होती, पुढ्यात डबा, एक बोट वर. माझा आवाज काढून ती म्हणत होती, "किती वाजले? मोठ्यानं सांगा! हे चालणार नाही! लिहून द्या!" पूनमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नक्कल उत्तम होती. बोटसुद्धा माझ्यासारखं, जरा वाकडं.

मी आत गेलो आणि सगळं बंद झालं. नळ बंद करावा तसं. मोनिका उठून उभी राहिली, डबा पाठीमागं धरला. पूनम म्हणाली, "गाडीचा आवाज नाही आला?" मला आधी वाटलं, चौकशी करतेय. मग कळलं. गाडीचा आवाज ही त्या दोघींना गप्प व्हायची सूचना होती. रोज.

"पप्पा, सॉरी," मोनिका म्हणाली. मी तिला काहीच म्हणालो नव्हतो. ती माझ्या हातांकडं बघत होती. मी आजवर तिच्या अंगाला बोट लावलेलं नाही, देवाशपथ नाही. तरी ती माझ्या हातांकडं बघत होती.

तिसऱ्या गुरुवारी भैरूचं नाव निघालं नाही. मी बाईंना घरातलं हे सगळं सांगितलं. सांगताना मध्येच डोळ्यांतून जे यायचं ते आलं. बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला. म्हणाल्या, "थांबू या का जरा?"

"थांबायचं नाही!" मी म्हणालो. "दहाच मिनिटं उरलीत!"

माझा बाप मेंढरं राखायचा. त्याची हाळी दोन शेतांपलीकडं ऐकू जायची, पण घरात आला की चकार शब्द नाही. मी कंपनीत घसा फोडतो तरी कुणी ऐकत नाही. "घरी मात्र ऐकतात," मी बाईंना म्हणालो.

"ऐकतात, की गप्प बसतात?"

या प्रश्नाचा मला फार राग आला. परतीच्या वाटेवर चौफुल्यापर्यंत येत राहिला. बाईंचा राग आला, मग भैरूचा, आणि न्हावरं मागं पडल्यावर दुसरं कुणीच उरलं नाही म्हणून माझा स्वतःचा.

सोमवारी कंपनीत गेलो. तीन भेटींचं पत्र साहेबांपुढं ठेवलं. सत्यजीत म्हणाले, "यात नुसत्या तारखा आहेत. काय बोलणं झालं, प्रोग्रेस काय, त्याचा रिपोर्ट पाहिजे. फाइलला लावायचाय."

मी उभा राहिलो. आवाज चढला, चढू दिला. "त्या खोलीत मी काय बोललो ते तुमच्या फाइलला लागणार नाही, साहेब. ते माझं आहे. कामावर घ्यायचं नसेल तर तसं लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी, तारीख घालून."

लिहून देण्याची गोष्ट निघाली की ऑफिसातली माणसं विचारात पडतात. त्यात पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट होतं आणि तपासणीचे जुने कागद कुठल्या कपाटात आहेत हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "या उद्यापासून." भैरू अजूनही दोन-आठलाच बस काढतो. मी दोन-पाचला जाऊन बसतो. हा माझा पराभव आहे आणि त्याचा मला राग आहे. हा राग वाजवी आहे असं बाईंनाही वाटतं. म्हणजे त्या "हं" म्हणाल्या.

इथवर येऊन मी थांबायला हवं होतं. पण सुधारायला लागलेला माणूस फार धोकादायक असतो. मला वाटलं, आता घरातल्या गोष्टी उघड बोलायच्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मोनिकाच्या शाळेत गेलो. वर्गशिक्षिका मोरेबाई शिक्षकांच्या खोलीत, आणखी सहा-सात जण चहा पीत बसलेले. मी म्हणालो, "बाई, माझी मुलगी मला घाबरते. चूक माझी आहे. मी उपचार घेतोय. तुम्ही तिच्याकडं जरा लक्ष ठेवा." बोलून छाती हलकी झाली. चहा पिणारे थांबले होते. एका सरांनी तर मला खुर्ची दिली.

मधल्या सुट्टीपर्यंत ते आठवी ब-ला कळलं होतं.

त्या दिवशी माझी दुसरीच पाळी होती, कामावर परतायचा पहिलाच दिवस. डबा भरून बाहेर पडणार, तेवढ्यात मोनिका शाळा अर्ध्यावर सोडून घरी आली. दप्तर जमिनीवर आपटलं. इतकं जोरात, की कंपासपेटी उघडून सगळं फरशीवर पसरलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला शाळेत यायला?"

तिचा एवढा मोठा आवाज ह्या घरानं ऐकला नव्हता. पूनमचा हात पोळपाटावर थांबला. तव्यावर चपाती होती.

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मला विचारलं होतं? सगळी मुलं मला विचारतायत, तुझे पप्पा वेडे झालेत का! मोरेबाईंनी मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं! सगळ्यांसमोर! ते माझं होतं, पप्पा! तुम्ही का सांगितलं?"

'आवाज खाली कर' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते मी गिळले, असं म्हणायला बरं दिसलं असतं. खरं म्हणजे मला दुसरं काही सुचेना. कालच कुणाच्या तरी केबिनमध्ये मी हेच ओरडलो होतो, ते माझं आहे म्हणून. मी खुर्चीत बसलो.

"बोल," म्हटलं.

"बोलतेच आहे!"

आणि ती बोलली. गेल्या वर्षीच्या सहलीचं बोलली, सहामाहीच्या गणिताचं बोलली, मैत्रीण घरी आली असताना मी पंख्यावरून आरडाओरडा केला त्याचं बोलली, केडगावच्या लग्नात मी जेवणाच्या पंगतीतून सगळ्यांना उठवून घरी आणलं त्याचं बोलली. पूनम एकदाही मध्ये आली नाही. चपाती जळाली, धूर झाला, तिनं फक्त गॅस बंद केला. दोन-आठ झाले, दोन-दहा झाले. बस गेली असणार.

शेवटी मोनिकाला धाप लागली. नाक पुसून ती म्हणाली, "आता ओरडा."

"नाही ओरडत."

"का?"

"तुझं बरोबर आहे."

मला वाटलं, आता ती रडेल, जवळ येईल. ती आणखीनच भडकली. "असं लगेच बरोबर काय म्हणता? काही तरी बोलायचं म्हणून बोलता तुम्ही! नीट भांडा ना माझ्याशी!"

मी पूनमकडं बघितलं. तिनं खांदे उडवले. मी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज आपल्या जागेवर ठेवून म्हणालो, "बरं. मग ते केडगावच्या लग्नाचं जे म्हणालीस ना, ते साफ चूक आहे. त्या दिवशी मी नाही, तुझी आई उठली होती आधी."

"अजिबात नाही!" मोनिका म्हणाली, दुसरी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि बसली. "मी सांगते कोण आधी उठलं ते."